बुडबुड्याएवढी हवा

कवीनं यंत्राविषयी बोलावं, याचं तुम्हाला जरा नवल वाटेल. मलाही वाटतं. पण रत्नागिरीच्या राजिवड्यात जन्मलेल्या माणसाला होडी चुकत नाही. मी मराठी घेऊन बी. ए. झालो, कविता लिहू लागलो, संमेलनांतून वाचू लागलो. पण घरात दर्याचा विषय निघाला की माझी जागा कोपऱ्यात. मला जाळं विणता येत नाही, इंजिन उघडता येत नाही, आणि खाडीचं मुख ओलांडलं की पोटात ढवळायला लागतं. असा हा मामा दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या उपयोगी पडला, तो केवळ इंग्रजी वाचता येतं म्हणून.

भाच्याची होडी फायबरची. २८ फूट लांब, मागच्या फळीला बाहेरून लटकवलेलं इंजिन. निम्मे पैसे कर्जाचे, निम्मे माझ्या आपाच्या बांगड्यांचे. होडीबरोबर त्यानं मासे दाखवणारं यंत्र घेतलं. त्याला फिशफाइंडर म्हणतात, आमच्याकडे नुसतं ‘फाइंडर’. त्याचे दोन भाग असतात. एक पडदा, तो होडी चालवणाऱ्याच्या समोर बसतो. दुसरी एका लांब वायरीच्या टोकाला असलेली काळी चकती, लहान मुलाच्या मुठीएवढी. तिला ट्रान्सड्युसर म्हणतात. लोक पडदा बघून पैसे मोजतात, पण पाणी ऐकते ती ही चकती. ती नीट बसली नाही तर पडदा कितीही महागाचा असो, त्याचा काही उपयोग नाही. आजचं माझं बोलणं त्या चकतीच्या बसवण्याविषयीच आहे.

पहिल्यांदा ती दुकानातून आलेल्या कारागिरानं बसवली. होडीच्या तळाला आतल्या बाजूनं, सिलिकॉनचा गोळा लावून, दहा मिनिटांत. खिडकीच्या काचेला लावतात तेच सिलिकॉन. पडदा उजळला, आकडा उमटला, मुलं खूश झाली.

मग हंगाम सुरू झाला. एका रात्री ती चौघं परत येत होती. ओहोटी होती. भाट्याच्या खाडीच्या मुखाशी वाळू साचते आणि पावसाळ्यानंतर तिचा दांडा जागा बदलतो, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं. जुने तांडेल अशा वेळी बाहेरच थांबायचे, भरतीची वाट बघायचे. भाच्यानं पडद्याकडे बघितलं. पडद्यावर ४ मीटर. त्यानं होडी आत घातली. आकडा चारावरच होता आणि तळ वाळूला घासला. मागून लाट आली, होडी आडवी झाली. दोघं जण पाण्यात उतरले, तर पाणी कमरेएवढं. त्यांनी खांदे लावून होडीची नाळ लाटेच्या तोंडाला वळवली, म्हणून निभावलं. एक जाळं गेलं. इंजिनाच्या पंख्याचं एक पातं गेलं. माणसं घरी आली.

दुसऱ्या दिवशी भाचा यंत्राची पुस्तिका घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, “मामू, तुम्ही बी. ए. ना? मग वाचून सांगा, यानं मला खोटं का दाखवलं?” दुसऱ्या एका तांडेलानं त्याला सल्लाही देऊन ठेवला होता. तळाला भोक पाडायचं, चकती त्यातून खाली पाण्यात काढायची, तरच ती खरं बोलते.

आपा दारातच उभी होती. “होडीला भोक पाडायचं नाही,” ती म्हणाली.

तिच्या या वाक्यापुढे आमच्या घरात कुणी बोलत नाही. तिच्या नवऱ्याची लाकडी होडी एका फळीतून पाणी शिरून गेली होती. माणसं वाचली, होडी गेली, आणि भाऊजी त्यानंतर पुन्हा उभे राहिले नाहीत. तेव्हा आमच्यापुढे प्रश्न असा होता, की भोक न पाडता या चकतीला खरं बोलायला लावता येईल का?

मी पुस्तिका घेऊन बसलो. तिच्यात एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ होती. खोलीचा आकडा मिचमिचू लागला तर तो आत्ताचा समजू नये. यंत्राला तळाचा पत्ता लागत नाही आणि दिसतो आहे तो शेवटचा सापडलेला आकडा आहे.

मी विचारलं, “आकडा मिचमिचत होता का रे?”

“मिचमिचत होता. मला वाटलं, बॅटरी उतरली.”

म्हणजे यंत्र खोटं बोललं नव्हतं. ते सांगत होतं, की मला ऐकू येत नाही. आकडा शिळा होता, वाळूच्या दांड्याच्या अलीकडचा. आम्हाला त्याची भाषा कळली नाही इतकंच. पण त्याला ऐकू का येत नव्हतं? हे समजून घ्यायला मी आमच्या ओळखीच्या एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांकडे दोन संध्याकाळी चहा प्यायलो. त्यांनी सांगितलं आणि मला समजलं, ते तुम्हाला सांगतो.

पाण्यात उजेड फार लांब जात नाही. आमच्या किनाऱ्याला तर गढूळपणामुळे हातभर खालचं दिसायची मारामार. आवाज मात्र पाण्यात दूर जातो आणि वेगानं जातो. माझ्या आजोबांना हे ठाऊक होतं. घोळीच्या दिवसांत ते इंजिन बंद करायला लावायचे, वल्हं पाण्यात उभं धरायचे आणि दांड्याला कान लावून बसायचे. घोळ, धोमा हे मासे पाण्यात खरोखरच आवाज करतात. त्यांच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यालगतचे स्नायू थरथरवून ते डरकल्यासारखा आवाज काढतात. घोळीची ती पिशवी म्हणजेच भोत, ज्याला सोन्याचा भाव येतो. २०२१ साली पालघरकडच्या मुरबे गावच्या होडीला एका फेरीत दीडशेवर घोळी मिळाल्या आणि त्यांचे कोटीवर रुपये आले, ही बातमी तुम्हाला आठवत असेल. आमच्याकडे त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता.

आजोबांसारखाच कान लावून बसलेला आणखी एक माणूस प्राध्यापकांनी मला दाखवला. त्याचं नाव कोलादों. १८२६ साली स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा सरोवरात तो रात्री होडीत बसला होता, पाण्यात बुडवलेल्या एका लांब कर्ण्याला कान लावून. तेरा-साडेतेरा किलोमीटरवर दुसऱ्या होडीतून पाण्याखाली घंटा वाजवली गेली आणि त्याच क्षणी दारू पेटवून उजेड केला गेला. उजेड दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंत नऊ-साडेनऊ सेकंद गेले. हिशेब निघाला, पाण्यातला आवाज सेकंदाला १४३५ मीटर जातो. हवेतल्याच्या चौपटीहून जास्त. समुद्राच्या खाऱ्या, कोमट पाण्यात तो वेग दीड हजार मीटरच्या आसपास असतो.

आता चकतीच्या पोटात काय आहे? एक वडी आहे, चिनी मातीच्या जातीची. तिचा गुण असा, की तिला विजेचा झटका दिला की ती किंचित फुगते-आकसते, आणि उलट तिला बाहेरून धक्का बसला की ती वीज देते. स्फटिकांतला हा गुण पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवून दिला होता. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या लांजव्हँ यांनी पाणबुड्या हुडकण्यासाठी त्याचा उपयोग केला. पुढे जपानमध्ये नागासाकीकडे होड्यांवर विजेची कामं करणाऱ्या फुरुनो भावांनी ही विद्या मासेमारीकडे आणली. १९४८ साली त्यांचं मासे शोधणारं यंत्र बाजारात आलं. पाणबुड्या बुडवण्यासाठी केलेली विद्या, तीन वर्षांपूर्वी अणुबॉम्ब पडलेल्या मुलखात, ताटातल्या माशासाठी कामाला आली. हे मी आपलं सहज सांगितलं.

तर ही वडी तोंड पण आहे आणि कान पण. ती एक टिचकी मारते आणि गप्प बसून ऐकते. टिचकी आपल्या कानाला ऐकू येत नाही. आपण सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंत ऐकतो, आणि हिची कंपनं ५० हजार किंवा २ लाख. आवाज खाली जातो, तळाला आपटतो, परत येतो. १५ मीटर पाणी असेल तर जाऊन-येऊन ३० मीटर, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. तेवढ्या वेळावरून यंत्र खोली सांगतं. २ लाखांचा आवाज बारीक दाखवतो पण खोल पाण्यात लवकर दमतो. ५० हजारांचा खोलवर जातो, पण त्याला दोन शेजारचे मासे एकच वाटतात. आमच्या होडीला ३०-४० मीटरच्या पलीकडे सहसा जायचं नसतं, त्यामुळे आम्हाला बारीक आवाजच बरा.

आणि आता मुख्य गोष्ट. पाण्यातून जाणाऱ्या आवाजाला हवा आडवी आली की तो पलीकडे जात नाही. शंभरातले साडेनव्याण्णवहून अधिक हिस्से तिथूनच माघारी फिरतात. हवेचा थर कागदाएवढा पातळ असला तरी. म्हणून तर मासा दिसतो! मासा बहुतेक पाणीच असतो, आवाजाला त्याच्या मांसाचं फारसं काही वाटत नाही. त्याच्या पोटातली हवेची पिशवी आवाज परतवते. आजोबांना जी पिशवी ऐकू यायची, तीच या चकतीला ऐकू येते. आजोबांच्या वेळी मासा बोलला तर कळायचं, आता तो गप्प बसला तरी कळतं.

पण जी हवा माशाचा पत्ता देते, तीच चकती आणि पाणी यांच्यामध्ये आली तर यंत्र बहिरं होतं. कारागिरानं लावलेला सिलिकॉनचा गोळा आम्ही सुरीनं खरवडून काढला. त्याच्या पोटात बुडबुडे होते. वाटाण्याएवढे दोन आणि रव्यासारखे किती तरी. एक तर सिलिकॉन रबरासारखं, ते स्वतःच आवाज गिळतं. त्यात हे बुडबुडे. शांत पाण्यात, जेटीला, कसाबसा आवाज पलीकडे जात होता. होडी हलू लागली, पाण्यात वाळू आणि फेस मिसळला, की संपलं.

मी भाच्याला म्हणालो, तुझं जाळं आणि पंख्याचं पातं या वाटाण्यानं खाल्लं. तो हसला नाही.

चकती बसवायच्या तशा तीन रीती. मागच्या फळीला बाहेरून पट्टीवर स्क्रूनं बसवायची, ही सर्वांत सोपी. चकती थेट पाण्यात असते, ऐकायला उत्तम. हौसेनं गळ टाकणाऱ्यांच्या होड्यांना हे चालतं. पण जाळ्याच्या होडीला मागच्या बाजूनं जाळं ओढायचं असतं. ते एकदा त्या पट्टीत अडकलं की एक तर पट्टी जाते नाहीतर जाळं. शिवाय पंख्याजवळ फेस. दुसरी रीत भोक पाडायची. तीही वाईट नाही हो. मोठ्या होड्यांना तीच करतात आणि नीट केली तर वर्षानुवर्षं थेंब येत नाही. फायबरच्या होडीला पितळेच्या जातीचं, म्हणजे कांशाचं किंवा प्लॅस्टिकचं नळकांडं चालतं. लाकडी होडीला प्लॅस्टिकचं चालत नाही, कारण लाकूड पाण्यानं फुगतं आणि प्लॅस्टिकला चिरडतं. आधी बारीक ड्रिलनं जागा पक्की करायची, मग बाहेरच्या बाजूनं गोल करवतीनं भोक, कडांना रेझिन, आणि समुद्राच्या पाण्यात टिकणारा चिकट लगदा. तळ तिरका असेल तर चकती सरळ खाली बघावी म्हणून तिरक्या ठोकळ्याची जोड द्यावी लागते. होडी पुन्हा पाण्यात सोडली की तिथेच बसून बघत राहायचं, पाझर आहे का. ते सगळं खरं. पण आमच्या घरात ती वाट बंद होती.

राहिली तिसरी, आतूनच चिकटवायची. कारागिरानं केली होती तीच, पण नीट. मी आपाला समजावून सांगितलं, की आवाज फायबरच्या आरपार जातो. तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “म्हणजे दार लावलं तरी आतलं भांडण शेजारी ऐकतातच, तसं.” अगदी तसं. यापेक्षा चांगली उपमा मला सुचली नसती.

अर्थात दारातून ऐकू येतं ते थोडं दबूनच. आवाजाला तळ दोनदा ओलांडावा लागतो, जाताना आणि येताना, आणि दोन्ही वेळा तो थोडा उणा होतो. खूप खोल पाण्यात मासेमारी करणाऱ्यानं हा उणेपणा मोजूनच ठरवावं. पाण्याचं तापमानही यातून नीट कळत नाही. चकती तळाचं तापमान सांगत बसते. शिवाय फायबर भरीव हवं. काही होड्यांच्या तळात वजन कमी करायला दोन थरांच्या मध्ये फोम किंवा हलकं लाकूड भरलेलं असतं. फोम म्हणजे काय, हवाच. तिथे चकती चिकटवणं म्हणजे भिंतीला कान लावण्यासारखं. ज्यानं होडी बांधली त्याला भाच्यानं फोन करून विचारलं. तळ भरीव आहे, फक्त मागच्या फळीत प्लायवूड आहे, असं तो म्हणाला. हा फोन आधी कुणी केला नव्हता.

चिकटवण्याआधी जागा पारखायची, याची एक युक्ती पुस्तिकेत होती आणि ती मला फार आवडली. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी भरायचं, चकती त्यात सोडायची, हवा काढून पिशवीचं तोंड बांधायचं आणि तळ ओला करून पिशवी त्यावर दाबून धरायची. पिशवीतलं पाणी तात्पुरता गोंद होतं. होडी अर्थातच पाण्यात हवी. आम्ही चकती आधी होडीच्या बाहेर पाण्यात सोडून आकडा बघितला, मग आतून पिशवीनं बघितला. पहिल्या जागेवर आकडा उडत होता. तिथे बाहेरून तळाला एक लांब उंचवटा होता, चालत्या होडीत त्याच्या मागे बुडबुड्यांची रांग सुटायची. दुसरी जागा कण्याला फार जवळ. तिसरी जागा मागच्या फळीपासून दोन हातांवर, कण्याच्या उजव्या अंगाला, जिथे तळ त्यातल्या त्यात सपाट होता. सपाट का, तर चिकटवलेली चकती तळाशी काटकोनात बघते. तळ तिरका तर तिची नजर तिरकी. तिथे वेग वाढवला तरी आकडा हलला नाही. मी स्वतः पिशवी धरून आडवा पडलो होतो. पोटात ढवळत होतं, पण आकडा स्थिर होता. मी पेन्सिलीनं गोल काढला.

मग होडी वर ओढली. आतला तळ खरबरीत असतो, काचेचे धागे वर आलेले असतात, आणि त्या प्रत्येक खळग्यात हवा बसलेली असते. तेवढी जागा पॉलिश पेपरनं घासून सपाट केली, अ‍ॅसिटोननं पुसली. डिझेल-माशाचं तेल राहिलं तर काही धरत नाही. भोवती मातीची पाळ केली, माडाला आळं करतो तशी. गोंद म्हणजे दोन डब्यांचं इपॉक्सी, सावकाश सुकणारं. लवकर सुकणारं तापतं, आणि तापलं की बुडबुडे धरतं. ते ढवळायचंही हळू. भाचा चहात साखर ढवळावी तसं ढवळू लागला तेव्हा मी त्याचा हात धरला. नुसतं फेटलं तरी हवा शिरते. मग थोडं चकतीच्या तोंडाला, बाकीचं आळ्यात. चकती एका कडेनं तिरकी टेकवून आत उतरवायची आणि दाबत दाबत फिरवायची. एक बुडबुडा कडेनं निघाला, मग दुसरा, मग एक अगदी बारीक. मी बॅटरी धरून बसलो होतो. कवितेची मुद्रितं तपासताना जसं लक्ष देतो तसं दिलं.

वर काही तरी वजन ठेवायचं होतं, चकती तरंगू नये म्हणून. भाचा दगड शोधू लागला. आपा घरातून एक वस्तू घेऊन आली, आजोबांचा शिशाचा ओळंबा. पाण्याचा ठाव घ्यायचा तो. त्याच्या बुडाला खोबण असते, तिच्यात साबण किंवा चरबी भरून सोडला की तळची वाळू-चिखल चिकटून वर येतो. कुठल्या पाण्यात आलो ते आजोबा त्यावरून सांगायचे. दोरीला वावा-वावावर कापडाच्या चिंध्या बांधलेल्या. वाव म्हणजे दोन हात पसरून होतं तेवढं, सहा फूट. कित्येक वर्षं तो फडताळात पडून होता. त्याचं वजन नेमकं बेताचं होतं.

एक रात्र आणि एक दिवस कुणी होडीत पाय ठेवला नाही.

वायरीचंही एक सांगायला हवं. ती लांब असते, आणि उरली की तोडून जोडायचा मोह होतो. तोडू नये. गुंडाळून ठेवावी. आणि इंजिनाच्या वायरींपासून ती दूर न्यावी, नाहीतर इंजिनाची ठिणगी पडद्यावर पाऊस पाडते. आमचा पहिला कारागीर सगळ्या वायरी एकत्र बांधून गेला होता, दिसायला नीटनेटकं म्हणून.

मग भरतीला आम्ही खाडीच्या मुखाशी गेलो. दिवसाउजेडी. पडद्यावर ३.१ मीटर, आणि न मिचमिचता. भाच्यानं आजोबांचा ओळंबा सोडला, दोरी मोजपट्टीला लावली. ३.४. त्याचा चेहरा उतरला. “मामू, परत खोटं.” खोटं नव्हतं. ओळंबा पाण्याच्या पृष्ठापासून मोजतो, यंत्र चकतीपासून. चकती पाण्याखाली ३० सेंटिमीटर होती. हिशेब जुळला. पण त्यातूनच दुसरी गोष्ट ध्यानात आली. पंखा चकतीच्याही खाली ४० सेंटिमीटर लोंबतो. वाळूला आधी लागणार तो. यंत्रात हे अंतर भरून ठेवायची सोय असते, ती आम्ही भरली. आता पडदा पंख्याखालचं पाणी दाखवतो. त्याखाली दोन मीटरच्या आत आलं की यंत्र ओरडतं, तेही लावून घेतलं.

मासे दिसतात का, असं तुम्ही विचाराल. दिसतात, पण चित्रातल्यासारखे नाही. पडद्यावर कमानी उमटतात. आवाज खाली जाताना भोंग्यासारखा पसरतो. बारीक आवाजाचा भोंगा साधारण २० अंशांचा, म्हणजे १५ मीटरवर जेमतेम ५ मीटर रुंदीचं वर्तुळ. होडी माशावरून जाते तेव्हा तो आधी भोंग्याच्या कडेला असतो, म्हणजे जरा लांब. मग बरोबर खाली, म्हणजे जवळ. मग पुन्हा लांब. त्या लांब-जवळ-लांबची कमान होते. माशाचा आकार तो नव्हेच. आणि पडद्याच्या फक्त उजव्या कडेला ‘आता’ असतं. डावीकडे सरकलेलं सगळं होऊन गेलेलं. भाच्याला आधी वाटायचं, डावीकडचे मासे होडीच्या डाव्या अंगाला आहेत. तो तिकडे जाळं टाकायचा. बरेच जण टाकतात.

मुशी तिला फारशी दिसत नाही. तिच्या पोटात हवेची पिशवीच नसते. कोळंबी पण नाही. जे हवा बाळगत नाहीत ते या यंत्राच्या दृष्टीनं जवळजवळ पाणीच. म्हणून पडदा रिकामा दिसला म्हणजे दर्या रिकामा, असं समजू नये. जाळं कधी टाकायचं हे भाचा अजूनही पाण्याच्या रंगावरून आणि पक्ष्यांवरूनच बघतो, आणि मला ते बरं वाटतं.

दोन पावसाळे गेले. चकती जागेवर आहे. आतून असल्यामुळे तिला शिंपले धरत नाहीत, खरवडावी लागत नाही. तळाला बाहेरून मात्र त्या जागेखाली काही धरलं तर तेवढं साफ करावं लागतं. कर्जाचे हप्ते चालू आहेत. बांगड्या अजून सोडवायच्या आहेत.

आपाला यंत्रातलं बाकी काही कळून घ्यायचं नाही. भाचा निघाला की ती पायरीवर येते, डबा देते आणि दर वेळी तेच सांगते, “आकडा मिचमिचला तर बाहेरच थांब रे. भरती होईपर्यंत मी जागी आहे.”